गोल्ड कार्ड असूनही लाउंजच्या दारातून परत पाठवतात, असं काहून? अलायन्सचे नियम एकदा नीट समजून घ्या

नागपूरची पोरं आता जर्मनी, अमेरिका, सिंगापूरला नोकऱ्या करून राहिली, त्यांच्यामागे आईबाबा वर्षा-दोन वर्षांनी जाऊन येतात, आणि लाउंजच्या, म्हणजे एअरपोर्टवरच्या आरामकक्षाच्या, दारावरून परत आलेलं कोणी ना कोणी मला फोन करतंच. तक्रार ठरलेली. कार्ड गोल्ड आहे, प्रवास परदेशाचा आहे, तरी आत घेतलं नाही. खरं सांगायचं तर दारावरच्या बाईचं बहुतेक वेळा बरोबर असतं. पण एअरलाइन्सनी हे नियम असे विखुरून ठेवलेत की साध्या माणसाला ते पहिल्यांदा त्या दारातच कळतात, आणि तोपर्यंत बाजी हातची गेलेली असते.

सगळ्यात आधी बँकेच्या कार्डाचा लाउंज डोक्यातून काढा. क्रेडिट कार्ड दाखवून, दोन रुपये कापून जिथे पोहे-इडली मिळते तो मामला वेगळा, तिथे बँक आणि लाउंजवाल्याचा करार असतो, आणि आता तर कितीतरी बँकांनी मागच्या तीन महिन्यांत अमुक खर्च केला असेल तरच, अशी अट टाकून ठेवली आहे. इथे आपण बोलतोय ते एअरलाइनच्या लाउंजबद्दल, जिथे तुमचं फ्रीक्वेंट फ्लायर स्टेटस (एकाच एअरलाइनच्या खात्यात पुष्कळ प्रवास जमवून मिळालेली मेंबरची पायरी) किंवा बिझनेस क्लासचं तिकीट चालतं.

अलायन्स म्हणजे एकमेकींच्या मेंबरांना सोयी देणाऱ्या एअरलाइन्सचा गट, असे तीन आहेत. स्टार अलायन्स 1997 पासून, त्यात एअर इंडिया (2014 ला आली), लुफ्थान्सा, सिंगापूर, युनायटेड, टर्किश. वनवर्ल्ड 1999 पासून, त्यात कतार, ब्रिटिश एअरवेज, कॅथे, जपान एअरलाइन्स, अमेरिकन. स्कायटीम 2000 पासून, त्यात एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक. एमिरेट्स, एतिहाद, एअर अरेबिया कुठेच नाहीत. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा, इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही, एअर इंडिया एक्सप्रेससुद्धा नाही, नावात एअर इंडिया असली तरी.

नागपूरवाल्यांचं घोडं इथंच अडतं. सोनेगाव विमानतळावरून निघताना हाताशी असते ती बहुतेक वेळा इंडिगो. दिल्ली-मुंबईपर्यंत इंडिगो आणि पुढे लुफ्थान्सा असं तिकीट असेल तर नागपूरला तुमच्या स्टार गोल्डची, म्हणजे स्टार अलायन्सच्या गोल्ड पायरीची, किंमत शून्य, कारण त्या वेळी तुम्ही स्टारच्या विमानात बसायला चाललेच नाही. लाउंजवाला तुमचं पुढचं तिकीट बघत नाही, त्या एअरपोर्टवरून तुम्ही आज कशात बसणार ते बघतो. आणि नागपुरात कुठल्याच अलायन्सचा स्वतःचा लाउंज नाही, त्यामुळे इथल्या दारात वाद घालण्यात दम नाही. एअर इंडियाने जात असाल तर नागपूरसाठी काय सोय आहे ते चेक-इन काउंटरवरच विचारून घ्या.

कोडशेअरचा, म्हणजे फ्लाइट विकणारी कंपनी एक आणि उडवणारी दुसरी, हा घोळ याच्याही वरचा. तिकिटावर नंबर कतारचा, पण खाली बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय इंडिगो’. लोक नंबर बघतात, लाउंज ती खालची ओळ बघतो. वनवर्ल्डच्या नियमात फ्लाइट विकणारी आणि उडवणारी, दोन्ही कंपन्या वनवर्ल्डच्याच लागतात. स्टारमध्येही उडवणारी कंपनी स्टारची पाहिजे. त्यामुळे तिकीट काढतानाच ती ओळ वाचा, एजंट काढत असेल तर त्याला विचारा, तो स्वतःहून सांगणार नाही.

आता कार्डाच्या रंगाचं. इथे लोक हमखास फसतात, कारण एअरलाइनचा गोल्ड आणि अलायन्सचा गोल्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाउंज मिळतो तो स्टारमध्ये ‘स्टार गोल्ड’ला, वनवर्ल्डमध्ये ‘सफायर’ आणि ‘एमराल्ड’ला, स्कायटीममध्ये ‘एलिट प्लस’ला. त्याच्या खालच्या पायरीला, म्हणजे स्टार सिल्व्हर, रुबी, नुसता एलिट, यांना लाउंज नाही, विषय संपला. पण अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीचा गोल्ड हा वनवर्ल्डमध्ये फक्त रुबी आहे, म्हणजे लाउंज नाही. ब्रिटिश एअरवेजचा सिल्व्हर मात्र सफायर आहे, म्हणजे लाउंज आहे. कतारचा सिल्व्हर परत रुबीच. टर्किशचा ‘एलिट’ स्टार गोल्ड आहे आणि स्कायटीमचा ‘एलिट’ लाउंजशिवायचा. कोणत्या डोक्याने ही नावं ठेवली देव जाणे. म्हणून कार्डावर एअरलाइनचं नाव काय म्हणतं ते सोडा, कोपऱ्यात अलायन्सची खूण आणि तिची पायरी छापलेली असते ती बघा. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये (आधीचं फ्लाइंग रिटर्न्स) गोल्ड आणि प्लॅटिनमवाले स्टार गोल्ड होतात, सिल्व्हरवाले नाही.

कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत. त्या दिवसाचा बोर्डिंग पास, चालू मुदतीचं कार्ड (अॅपमधलं चालतं, पण फोनची बॅटरी जिवंत पाहिजे), आणि पासपोर्ट जवळ ठेवा. एवढंच. तरी अडतं ते बोर्डिंग पासवर, कारण त्यावर तुमचं स्टेटस छापलेलं नसतं. स्टार गोल्डच्या पासवर तारा आणि इंग्रजी जी अशी खूण येते, वनवर्ल्डवाल्यांच्या पासवर सफायर किंवा एमराल्ड येतं. ते तेव्हाच येतं जेव्हा बुकिंगमध्ये तुमचा मेंबर नंबर टाकलेला असतो. स्वस्त साइटवरून तिकीट काढलं की तिथे नंबराचा रकाना एकतर नसतो, नाहीतर टाकलेला नंबर पुढे जातच नाही. तिकीट हातात आल्यावर एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून बघा, नंबर दिसत नसेल तर टाका, तरी होत नसेल तर काउंटरवर सांगा, ‘मॅडम, हा नंबर जोडून पास परत प्रिंट करून द्या.’ पाच मिनिटांचं काम आहे. सिक्युरिटी झाल्यावर मात्र ते करायला कोणी भेटत नाही.

आणि नंबर जोडल्यावर ‘नाव जुळत नाही’ आलं तर? हे आपल्याकडे फार होतं. आपलं पूर्ण नाव तीन शब्दांचं, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिल्या नावाला चिकटून येतं, मेंबरशिप उघडताना आपण घाईत फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकतो, एजंट तिकिटावर तिन्ही जोडून एक लांब शब्द करतो. कधी सिस्टिम खपवून घेते, कधी नाही. त्याहून वाईट हाल लग्न झालेल्या मुलींचे. खातं माहेरच्या आडनावानं, पासपोर्ट रिन्यू करताना आडनाव बदललं, आता तिकीट नव्या नावानं आणि माइल्स (प्रवासाचे जमलेले पॉइंट) जुन्या नावात पडलेले. ताई, हे एअरपोर्टवर दुरुस्त होत नाही, तिथे कितीही समजावून सांगा. एअरलाइनच्या मेंबरशिप विभागाला नव्या पासपोर्टची कॉपी आणि लग्नाचं सर्टिफिकेट जोडून ईमेल करावा लागतो, आणि ते त्यांच्या सवडीने बघतात. तिकीट काढायच्या आधी हे उरकून घ्या. आणि नवीन खातं उघडत असाल तर पासपोर्ट समोर ठेवून त्यावर आहे तसंच नाव लिहा, स्पेलिंगचं एक अक्षरही स्वतःच्या मनानं नका बदलू.

गेस्टचं बोलू, कारण सगळ्यात जास्त रडारड इथंच होते. स्टार गोल्ड, सफायर, एमराल्ड, एलिट प्लस, सगळ्यांना एकच गेस्ट. नवरा, बायको आणि दोन पोरं असतील तर एकाच्या कार्डावर दोघंच आत. पोरगं लहान आहे म्हणून ते गेस्ट नाही असं धरून चालू नका. गेस्टकडेही त्याच अलायन्सच्या फ्लाइटचा त्या दिवसाचा पास लागतो, आणि गेस्टने मेंबरसोबतच आत जायचं. म्हणजे मुलगा शिकागोला आणि त्याच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर घेऊन आईबाबा दिल्लीच्या लाउंजसमोर उभे, हे चालत नाही. हातात स्वेटर, चष्मा कपाळावर, फोनचा ब्राइटनेस वाढवून वाढवून काका त्या मुलीला फोटो दाखवून राहिले आणि ती ‘सर, मेंबर कुठे आहेत’ एवढंच विचारून राहिली, असं दृश्य बघवत नाही हो. पोरांनो, नुसता फोटो पाठवण्यापेक्षा आईबाबांना खरंच आराम द्यायचा असेल तर त्यांच्यासाठी पैसे भरून मिळणारा लाउंज आधीच बुक करून द्या.

बिझनेस क्लासच्या तिकिटाला कार्ड लागत नाही, पण त्यावर गेस्टही नसतो. आणि हल्ली काही कंपन्या बिझनेसचंही स्वस्तातलं भाडं काढतात, सीट बिझनेसची पण लाउंज वजा. ‘लाइट’सारखा शब्द दिसला की भाड्याच्या अटी उघडून वाचा.

वेळेचा नियम लोक उलटा वाचतात. ‘सेम डे’ लिहिलंय म्हणून काही जण घाबरतात, कारण आपल्याकडून युरोपच्या फ्लाइट्स रात्री दोन-तीनला, म्हणजे तारीख दुसऱ्या दिवसाची. स्टारमध्ये दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत सुटणारी फ्लाइट त्याच दिवसात धरतात, त्यामुळे अकरा तारखेच्या रात्री पोचून बारा तारखेच्या पहाटेची फ्लाइट असेल तर चालतं. पण याचा अर्थ नागपूरहून दुपारी दिल्लीला पोचून दहा तास लाउंजमध्ये झोपायचं असा नाही. दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅगा घेऊन बाहेर यावं लागतं, इंटरनॅशनलचं काउंटर उघडेपर्यंत चेक-इन नाही, चेक-इन नाही म्हणजे इमिग्रेशन नाही, आणि इंटरनॅशनलचा लाउंज त्याच्या पलीकडे. शिवाय पुष्कळ लाउंज सुटायच्या तीन तास आधीच घेतात. एकाच पीएनआरवर एअर इंडियाने गेलात तर ही अर्धी कटकट वाचते, भाडं थोडं जास्त पडलं तरी वयस्कर माणसांसाठी मी तेच सांगतो. उतरल्यावर लाउंज नाही, तो फक्त निघताना किंवा पुढची फ्लाइट पकडताना.

आत गेल्यावरही दारं सारखी नाहीत. फ्रँकफर्टला स्टार गोल्डवाल्याला लुफ्थान्साचा सेनेटर लाउंज मिळतो आणि बिझनेस क्लासवाल्याला त्याखालचा बिझनेस लाउंज, म्हणजे इकॉनॉमीत बसणारा जरा बरं खातो. सिंगापूरला नेमकं उलटं, दुसऱ्या एअरलाइनचा स्टार गोल्ड इकॉनॉमीत असेल तर त्याला क्रिसफ्लायर गोल्ड लाउंज, सिल्व्हरक्रिस नाही. आपल्याकडून कतारने दोहाला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की व्हिडिओत दिसतो तो कारंजंवाला अल मुरजान बिझनेस क्लाससाठी आहे, इकॉनॉमीतल्या सफायरवाल्याचा लाउंज वेगळा. चुकीच्या दारात लाइन लावून कनेक्शन नका घालवू.

स्कायटीमचं एक वेगळं आहे. एलिट प्लसला लाउंज मिळतो तो इंटरनॅशनल प्रवासावर, नुसत्या देशांतर्गत फ्लाइटवर नाही. अमेरिकेतल्या मुलांसाठी अजून एक गंमत, युनायटेडचा स्वतःचा गोल्ड मेंबर अमेरिकेतल्या अमेरिकेत उडत असेल तर त्याला युनायटेड क्लब उघडत नाही, पण एअर इंडियाचा गोल्ड असलेल्याला उघडतो. अमेरिकन एअरलाइन्सनेही आपल्या मेंबरांना घरच्या फ्लाइट्सवर असंच बाहेर ठेवलंय. त्यामुळे तिथे नोकरीला गेलेल्यांनी माइल्स कुठल्या खात्यात जमवायचे ते पहिल्या वर्षीच ठरवून घ्यावं, नंतर बदलणं जड जातं.

सगळं बरोबर असूनही नाही म्हणाले तर आवाज न चढवता अलायन्सच्या साइटवरचं त्या एअरपोर्टचं लाउंज फाइंडरचं पान दाखवा, घरून निघतानाच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण विदेशात नेट मिळेलच असं नाही. लाउंज भरला म्हणाले तर मात्र थांबण्याशिवाय इलाज नाही. नियम असून नाकारलं तर कारण विचारून घ्या, वेळ लिहून ठेवा, बोर्डिंग पास फाडू नका, आणि तक्रार लाउंजकडे नाही तर ज्या एअरलाइनचं कार्ड आहे तिच्या मेंबरशिप विभागाकडे पाठवा, पासचा फोटो जोडून.