दाढ काढली, आता ब्रिज का इम्प्लांट? खड्ड्याकडं नंतर बघा, आधी शेजारचे दात बघा

मी सोलापुरात एका डेंटल लॅबमध्ये कामाला आहे, म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टर माप पाठवतात आणि आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून देतो. त्यामुळं गल्लीतलं, पाहुण्यातलं कुणीही दाढ काढून आलं की पहिलं मला गाठतंय, "फिक्स दात बसवायचाय, किती वर्ष चालतो ओ?" आणि मी उलट विचारतो की फिक्स म्हणजे ब्रिज का इम्प्लांट, तर निम्म्या लोकांना त्याचाच पत्ता नसतो. त्यांचंही काही चुकत नाही. तोंडात बसल्यावर दोन्ही सेमच दिसतात, दोन्ही रोज काढून धुवायचे नाहीत, आणि वरची कॅप तर आमच्याकडं एकाच झिरकोनियाच्या, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकच्या चकतीतून कापून निघते. फरक सगळा हिरडीच्या खाली आणि शेजारच्या दातांत.

आधी ब्रिज घेऊ. यात गेलेल्या दाताच्या पुढचा आणि मागचा असे दोन दात चारी बाजूंनी आणि वरून घासून बारीक करतात, त्या दोघांवर कॅप आणि मध्ये खोटा दात, तिन्ही मिळून एकच तुकडा, तो सिमेंटनं चिकटवला की झालं. मधल्या दाताखाली मूळबिळ काही नसतंय, तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो. म्हणजे तिघांचं ओझं दोघांनी उचलायचं. जमतंय की, वर्षानुवर्षं जमतंय, फक्त ते दोघं धडधाकट पायजेत. सर्जरी नाही, दोन-तीन सिटिंगमध्ये आठ-दहा दिवसांत काम उरकतं, मात्र दाढ काढल्यावर हिरडी नीट बसेपर्यंत दोन-तीन महिने थांबावं लागतं, घाई केली तर पुढं हिरडी खाली जाऊन खोट्या दाताखाली फट पडते आणि शेंगाचटणी बरोबर तिथंच जाऊन बसते.

आता आमच्या लॅबच्या टेबलावरचं सांगतो. माप आलं की आम्ही डेंटल स्टोन ओतून मॉडेल काढतो, हल्ली बरेच डॉक्टर स्कॅनच पाठवतात, आणि घासलेल्या दाताची कड लाल पेन्सिलनं आखून घेतो, कारण कॅप बरोबर त्या रेघेवर संपली पायजे. ती रेघ मारताना दात किती गेलाय ते कळतं. फुल कॅपसाठी घासलेल्या दाताचा वरचा भाग साधारण ६० ते ७० टक्के गेलेला असतो. ज्याचं आधीच रूट कॅनल झालंय, अर्धा दात सिमेंटनंच भरलाय, त्याचं काही वाटत नाही, त्याला तशीही कॅप लागणारच होती. पण कधीकधी असं मॉडेल येतं की बाकी सगळे दात स्वच्छ, कुठं किडीची खूण नाही, पेशंट पंचविशीतला, आणि एका दाढेपायी शेजारचे दोन एक नंबर दात घासून टाकलेले. इनॅमल परत येत नाही ओ. आणि अशा घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढं खराब होते, मग कॅपला भोक पाडून रूट कॅनल.

इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लागत नाही. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, साधारण साडेतीन ते पाच मिलीमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलीमीटर लांब, त्यावर मधला जोड, ज्याला अबटमेंट म्हणतात, आणि त्यावर कॅप. लोक विचारतात स्क्रू हलत कसा नाही, तर हाड टायटॅनियमला परकं समजत नाही, त्याला घट्ट चिकटून वाढतं. हे सापडलं तेही दाताच्या नादात नाही. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं यंत्र बसवून रक्तप्रवाह बघत होते, प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेच ना. मग १९६५ मध्ये योस्टा लार्सन या पेशंटला त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले आणि २००६ साली लार्सन वारले तोवर ते तोंडात काम करत होते. तर हे नवीन फॅड आहे, डॉक्टरांनी बिल वाढवायला काढलंय, असं जे पारावर बोललं जातं ते तेवढं खरं नाही. बिलाचं खाली बोलूच.

पण हाड चिकटायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात हाड टणक, तिथं साधारण तीन महिने, वरच्यात भुसभुशीत, तिथं चार ते सहा, आणि त्यानंतर कॅप. "एका दिवसात दात" अशी पाटी दिसते ना, तेही होतं, पण निवडक केसमध्ये, मागच्या दाढेला सहसा नाही. वरच्या जबड्यात सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी जवळ असते, हाड कमी पडलं तर आधी हाड भरावं लागतं, आणि खाली दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलीमीटर तरी लांब राहावं लागतं. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढायला सांगितला तर कटकट करू नका, साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी दिसत नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो, चावताना दात किंचित दबतो आणि भाकरीत खडा आला तर मेंदूला लगेच कळतं. इम्प्लांटला हा थर नाही. तो दबत नाही आणि जोर किती पडतोय हे नीट कळतही नाही. त्यामुळं डॉक्टर रंगीत कागद चावायला लावून त्या कॅपचा चाव जरा हलका ठेवतात. कडक भाकरी आणि मटणाची नळी खाता येते, पण झोपेत दात खाणाऱ्यानं तसं आधी सांगावं, रात्रीचा गार्ड लागतो, नाहीतर कॅपचा तुकडा उडून ती परत आमच्याकडंच येते.

जुळे सोलापुरातल्या आमच्या एका काकूंची खालची पहिली दाढ काढली होती. डॉक्टर म्हणाले इम्प्लांट, जावई म्हणाले ब्रिज, स्वस्त आणि लवकर. काकू मला म्हणाल्या, "एक दात बसवायला दोन चांगले दात घासायचे, हे कुठलं शहाणपण रे?" मी म्हटलं, काकू, चांगले आहेत का ते आधी बघू. एक्स-रे मोबाईलवर होता. मागच्या दाढेला जुनं रूट कॅनल, वर कॅप नाही, भिंत तडकलेली. पुढच्या दातात मोठं सिमेंट, कडेनं परत कीड. म्हटलं डॉक्टरांना एवढंच विचारा, या दोघांना कॅप लागणार आहे का? ते म्हणाले लागणारच. मग दोन कॅप अशाही आणि इम्प्लांट वेगळा, त्यापेक्षा तेवढ्यातच ब्रिज होतोय, आणि झाला. हीच दाढ काकूंच्या मुलाची गेली असती, ज्याच्या तोंडात एक फिलिंग नाही, तर मी डोळे झाकून इम्प्लांट म्हटलं असतं. खड्डा दोघांचा सारखाच, शेजार वेगळा.

शेजारी हलत असतील, पायरियानं हिरड्या उतरल्या असतील, तर ब्रिज त्यांना घेऊन खाली येतो. आणि मग इम्प्लांटच करू असंही नाही, कारण ज्या पायरियानं दात गेले तोच आजार इम्प्लांटच्या भोवतीही होतो, आधी हिरड्यांची ट्रीटमेंट. गेलेली दाढ सगळ्यात शेवटची असेल तर मागं आधारच नाही, नेहमीचा ब्रिज बसत नाही. तिथं इम्प्लांट, किंवा काहीच नाही. हो, काहीच नाही हाही पर्याय आहे. अक्कलदाढ गेली तर कुणी बसवत नाही, तिच्या पुढची गेली आणि समोरासमोरच्या बाकीच्या दाढा नीट चावत असतील तर बरेच लोक तसेच आयुष्य काढतात. फक्त समोरच्या जबड्यातली दाढ हळूहळू खड्ड्याकडं उतरते, तिच्यावर लक्ष ठेवायला सांगा. पहिली दाढ मात्र मोकळी ठेवू नये, मागची पुढं कलते, मधे अन्न अडकतं, आणि पुढं काही बसवायचं म्हटलं तरी जागा वाकडी झालेली असते.

आता आपल्या गावचा विषय. मावा, गुटखा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ती कशी चालू आहे ते पानटपरीवर जाऊन बघा. सुपारीनं गालाची आतली त्वचा आखडते आणि तोंड उघडायचं कमी होतं, काहींच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत. अशा तोंडात मागच्या दाढेला इम्प्लांटचं ड्रिल आत घालायचं कुठून? डॉक्टर नाही म्हणाले की लोक दुसऱ्या डॉक्टरकडं जातात, पण तोंड तेच असतंय. बिडी-सिगारेटनं हाड चिकटायचं प्रमाण कमी होतं. शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर जखम भरत नाही, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, म्हणजे एचबीएवनसी, दाखवा. आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून किंवा कॅन्सरमध्ये हाडासाठी इंजेक्शनं घेतली असतील तर दात काढण्याआधीच सांगा, त्यात जबड्याचं हाड मरायचा धोका असतो, ही गोष्ट लपवायची नाही.

गड्ड्याची यात्रा झाली की बघू, मग पोरीचं लग्न झालं की बघू, असं करत वर्ष जातं, आणि तेवढ्यात त्या जागेच्या हाडाची जवळपास निम्मी रुंदी जाऊ शकते, त्यातलं जास्त पहिल्या तीन महिन्यांतच. इम्प्लांट करायचा विचार असेल तर दाढ काढायच्या आधीच डॉक्टरांना बोला, काही वेळा ते खड्ड्यात हाडाची पूड भरून ठेवतात.

बिघडतात दोन्ही, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. ब्रिजच्या कॅपखाली कीड लागते, बाहेरून काही दिसत नाही, आणि दोघांतला एक जरी गेला तरी अख्खा ब्रिज कापून काढावा लागतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजतं, आणि दुखत नाही म्हणून माणूस निवांत असतो, ब्रश करताना रक्त आलं तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ब्रिजखालून जाड फ्लॉस किंवा बारीक ब्रश रोज फिरवायचा, हे पन्नासातला एखादा करतो असं मला वाटतंय, कारण दुरुस्तीला आलेले ब्रिज वासावरून कळतात. अभ्यासांत दहा वर्षांनी शंभरातले साधारण नव्वद ब्रिज आणि पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट टिकलेले दिसतात, म्हणजे अंतर लोक समजतात तेवढं नाही.

पैसे. आपल्यासारख्या शहरात ब्रिजचं बिल तीन युनिटचं, म्हणजे तीन दातांचं होतं, धातूवर सिरॅमिकचा असेल तर दहा-पंधरा हजारांच्या आसपास, झिरकोनिया घेतला तर वीसच्या वर. इम्प्लांट कॅपसकट वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होऊन कंपनीप्रमाणे पन्नासच्या पुढं, कोरियन स्वस्त, स्विस महाग. विचारताना एवढंच विचारा की सांगितलेल्या रकमेत अबटमेंट, कॅप आणि स्कॅन धरलाय का, कारण भांडणं सगळी तिथंच होतात. खिशाला जड असेल तर केगावला डेंटल कॉलेज आहे, तिथं चौकशी करा, चकरा जास्त होतील पण खर्च कमी पडतो.

आणि इम्प्लांट केलाच तर डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, साईज, बॅच नंबर असतो. पाच-सात वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला, आणि तुम्ही तोवर पुण्याला लेकाकडं राहायला गेलेले असाल, तर तिथल्या डॉक्टरला कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या स्टिकरशिवाय कळत नाही, प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची खाच वेगळी. आमच्याकडं अशा केसचे फोन येतात, "कुठली कंपनी असेल ओ?" आणि नुसता एक्स-रे बघून आम्ही अंदाजपंचे सांगतो. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.