केर्ता बुआना: जमिनीला कागद होता, पाण्याला नव्हता

इंडोनेशियातल्या पूर्व कालिमंतान प्रांताची राजधानी सामारिंदा आणि कुताई कार्तानेगारा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण तेंगारोंग. या दोन शहरांच्या मधल्या टापूत, महाकाम नदीच्या पूर्वेला, केर्ता बुआना हे गाव आहे. बाली धाटणीची प्रवेशद्वारं, घराघराच्या आवारातली देवळं, गालुंगान सणाला रस्त्याकडेला उभारलेले वाकलेल्या बांबूंचे पेंजोर. बाली बेट समुद्रापलीकडे राहिलेलं असताना बोर्नेओच्या आतल्या भागात हे सगळं कुठून आलं, याचं उत्तर गावाच्या दुसऱ्या नावात आहे. ‘एल-एम्पात’, म्हणजे लोकेशन क्रमांक 4. हा सरकारी वसाहत योजनेच्या नकाशावरचा आकडा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कुताईच्या याच प्रदेशात, मुआरा कामान इथे, इसवी सन 400 च्या सुमाराचे मुलवर्मन राजाचे संस्कृत यूपलेख, म्हणजे यज्ञस्तंभांवर कोरलेले लेख, सापडले आहेत. ब्राह्मणांना 20,000 गाई दान दिल्याची नोंद त्यांत आहे. भारतीय वाचक लगेच धागा जोडतो, पण केर्ता बुआनाच्या हिंदूंचा त्या राजवंशाशी संबंध नाही. हे लोक 1980 च्या सुमारास आले, सरकारी खर्चाने, आणि त्यांच्याबरोबर लोंबोक आणि जावामधली मुस्लिम कुटुंबंही आली.

दाट वस्तीच्या बेटांवरून माणसं उचलून विरळ वस्तीच्या बेटांवर नेण्याची कल्पना डचांची. 1905 मध्ये जावामधल्या केडू भागातली 155 कुटुंबं त्यांनी सुमात्रातल्या गेडोंग तातान इथे नेली. स्वातंत्र्यानंतर 1950 पासून इंडोनेशियाने हेच काम ‘ट्रान्समिग्रासी’ या नावाने चालू ठेवलं. 1979 ते 1984 च्या पंचवार्षिक योजनेत ते कळसाला पोचलं: पाच लाखांहून अधिक कुटुंबं हलवली गेली आणि त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. केर्ता बुआना या लाटेतलं.

अशा वसाहतीत कुटुंबाला मिळणारी शिदोरी साधारण ठरलेली असे. प्रवासखर्च, लाकडी घर, अवजारं, बियाणं, पहिलं वर्ष-दीड वर्ष तांदूळ, खारवलेले मासे, तेल, रॉकेल. आणि जमीन 2 हेक्टर: पाव हेक्टर घराभोवतीची, बाकीची शेतीची, तीही दोन हप्त्यांत. पुढे मालकीचा दाखला, ज्याला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढल्यावर जो दिलासा वाटतो, तोच त्या दाखल्याने दिला.

जमीन मात्र सोपी नव्हती. कालिमंतानच्या टेकड्यांवरची लाल-पिवळी माती आम्लधर्मी आहे, सामू (पीएच; 7 च्या खाली गेला की आम्ल) 4 ते 5 च्या दरम्यान. इतक्या आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळून मुळांना मारतं आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो. त्यात जंगल तोडताना बुलडोझरने वरचा सुपीक थरही खरवडला, की कोरडवाहू भात दोन-तीन हंगामांत कोसळतो. बऱ्याच वसाहती इथेच फसल्या. उपाय दोन. एक, हेक्टरी टन-दोन टन चुना घालणं, जो विकत घ्यावा लागतो आणि दर काही वर्षांनी पुन्हा घालावा लागतो. दुसरा, टेकड्यांमधल्या सखल पट्ट्यात बांध घालून पाणी उभं करणं. आम्ल माती काही आठवडे पाण्याखाली राहिली, की तिच्यातला प्राणवायू संपतो, रासायनिक क्रिया उलटी फिरते आणि सामू आपोआप 6.5 ते 7 पर्यंत चढतो. बाली आणि लोंबोकच्या शेतकऱ्यांना खाचरांची आणि पाणीवाटपाची पिढीजात सवय होती. त्यामुळे अशा गावांचं खरं भांडवल दोन हेक्टर जमीन नव्हतं. टेकडीवरून झिरपून खाचरात उभं राहणारं पाणी हे ते भांडवल होतं. दाखल्यावर त्याची नोंद कुठेच नाही, आणि पुढचा सगळा गुंता यातूनच झाला.

टेकडी कोळशाची, खोलगा भाताचा

कुताई खोऱ्यातला कोळसा मायोसीन या लाखो वर्षांपूर्वीच्या भूकाळातला. थर आडवे पसरलेले नाहीत. भूकवचाच्या घड्यांमुळे ते तिरके झाले आहेत आणि टेकड्यांच्या अंगाने लांब पट्ट्यांत जमिनीजवळ येतात. म्हणून खाणीही लांबट, आणि बहुतेकदा खाचरांच्या वरच्या अंगाला. वर खाण, खाली भात: पाण्याच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी सापडणं कठीण.

कोळसा असल्याचं ज्ञान जुनंच होतं. दक्षिण कालिमंतानात पेंगारोन इथे डचांनी 1849 मध्येच खाण उघडली होती. कुताईच्या सुलतानाच्या मुलखात 1888 पासून महाकामकाठी डच कंपनीचं खाणकाम सुरू झालं, आणि तेंगारोंगजवळचं लोआ कुलू हे त्याचं मोठं केंद्र बनलं. म्हणजे वसाहतीच्या नकाशावर रेघा ओढणाऱ्यांना खालचा कोळसा माहीत नव्हता, असं म्हणायला जागा नाही. त्या काळी तेलाला भाव होता, कोळशाला नव्हता, एवढंच.

1967 च्या खाण कायद्याने जमिनीखालचं सगळं राज्याकडे ठेवलं; राज्यघटनेचं कलम 33 तेच सांगतं. 1980 च्या दशकात मोठ्या कंपन्यांशी केंद्राचे करार झाले. केर्ता बुआनाला लागून असलेल्या एम्बालुतच्या खाणीत त्या काळी भूमिगत कामही चाले. त्याने धूळ कमी उडते आणि जमीनही कमी लागते. खरा पालट 1999 च्या विकेंद्रीकरणानंतर झाला. 2001 च्या नियमाने खाण परवाना देण्याचा अधिकार ‘बुपाती’ला, म्हणजे निवडून आलेल्या जिल्हाप्रमुखाला मिळाला. चीन आणि भारताची मागणी त्याच सुमारास चढू लागली होती. पूर्व कालिमंतानात परवान्यांची संख्या 1,400 वर गेली. सामारिंदा शहराचं तर सुमारे 71 टक्के क्षेत्र खाण परवान्यांखाली आलं. 2009 च्या नव्या कायद्याने परवान्यांचं नाव आणि पद्धत बदलली, 2014 मध्ये अधिकार प्रांताकडे गेले, 2020 मध्ये केंद्राकडे. तोवर खड्डे खणून झाले होते.

पाणी नेमकं कसं जातं

इथल्या उघड्या खाणींत एक टन कोळशासाठी त्याच्यावरचा साधारण 8 ते 12 घनमीटर माती-खडक हलवावा लागतो. चंद्रपूर-वणीकडे याला ‘ओबी’ म्हणतात. 10 चं प्रमाण धरलं, तर एक लाख टन कोळशामागे दहा लाख घनमीटर ओबी निघते. फोडलेला खडक फुगतो, त्यामुळे 10 हेक्टरवर पसरली तरी ढिगाची उंची बारा मीटरच्या वर जाते. या ढिगाखाली झरे आणि ओहोळ गाडले जातात.

खड्डा खोल गेला, की भोवतालचं भूजल त्यात उतरतं आणि ते सतत उपसावं लागतं. गावातल्या विहिरींची पातळी याच कारणाने खाली जाते. पहिल्या एक-दोन वर्षांत हे लक्षात येत नाही, कारण उपसलेलं पाणी ओढ्यात सोडल्यामुळे ओढा उलट भरून वाहतो. खाण थांबली किंवा उपसा दुसऱ्या बाजूला वळला, की ओढाही आटतो.

तिसरा भाग रसायनाचा. ओबीतल्या काही खडकांत पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं संयुग असतं. हवा आणि पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. असा खडक आधीच ओळखून ढिगाच्या पोटात, आम्ल न देणाऱ्या चिकणमातीच्या आवरणात दाबायचा असतो. घाईत तो वर राहिला, तर पावसाळी प्रदेशात तो ढीग वर्षानुवर्षं आम्ल गाळत राहतो. मग चुन्याने सामू वर आणायचा, तुरटीने गाळ बसवायचा, आणि निवळणीच्या तलावांमधून पाणी टप्प्याटप्प्याने सोडायचं. 2003 च्या सरकारी मानकानुसार बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू 6 ते 9, तरंगता गाळ लिटरला 400 मिलिग्रॅमपर्यंत, लोह 7 आणि मँगनीज 4 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तलाव वेळेवर उपसले नाहीत, तर ते गाळाने भरतात आणि मोठ्या सरीत पाणी न निवळताच पुढे जातं. खाचरात तो राखाडी गाळ बसला, की वरची मऊ माती झाकली जाते, रोप रुजत नाही.

ज्या खाचरापर्यंत पाणीच पोचत नाही, त्याची माती वाळून पुन्हा आम्ल होते. चाळीस वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न नव्याने उभा राहतो.

विक्री, भरपाई, तुरुंग

कायद्याप्रमाणे खाण परवाना म्हणजे जमिनीचा हक्क नव्हे; 2009 चा कायदा जमीनमालकाची संमती घ्यायला सांगतो. कागदावर शेतकरी ‘नाही’ म्हणू शकतो. व्यवहारात वरच्या अंगाच्या एकाने जमीन विकली आणि त्यातून जाणारा पाट तुटला, की खालच्या चौघांचं भात संपतं. त्यांचं क्षेत्र कुणी घेतलेलं नसतं, म्हणून भरपाईही नसते. दोन-तीन हंगाम तोटा सोसून तेही विकायला तयार होतात, तेही पडत्या भावात. उशिरा विकणाऱ्याला जास्त दर मिळतो हा समज अशा पाण्यावाचूनच्या जमिनीला लागू पडत नाही. रस्ता अडवण्याचा मार्गही धोक्याचा आहे: परवानाधारकाच्या कामात अडथळा आणल्यास त्याच कायद्याच्या कलम 162 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 कोटी रुपियाहपर्यंत (रुपियाह हे इंडोनेशियाचं चलन) दंड आहे. तेंगारोंग सबेरांग तालुक्यातले शेतकरी विरोधापायी तुरुंगात जाऊन आले आहेत.

खड्ड्याच्या कडेपासून वस्ती किमान 500 मीटर असावी, असं पर्यावरण मंत्रालयाचा 2012 चा नियम सांगतो. परवाने त्याआधीचे, आणि मोजणी कुठून करायची यावर वाद. काही गावांत धुळीपोटी घरटी रक्कम मिळते, तिला ‘उआंग देबू’, धुळीचे पैसे, म्हणतात. घरांचे तडे, विहीर आणि पीक यांचा हिशेब त्यात बसत नाही. पण ती घेतलेली असली की पुढची तक्रार मात्र अवघड होते.

पैसा कुठे जातो? 2004 च्या वाटप कायद्यानुसार कोळशाच्या स्वामित्वधनातले (रॉयल्टीतले) 20 टक्के केंद्राला, 16 प्रांताला, 32 उत्पादक जिल्ह्याला आणि 32 त्याच प्रांतातल्या इतर जिल्ह्यांना जात; 2022 च्या नव्या कायद्याने ही वाटणी बदलली. गावासाठी वेगळा वाटा नाही. जिल्ह्याच्या निधीतून गावाला हिस्सा येतो, त्यामुळे गावाचा रस्ता आणि शाळेची दुरुस्ती कोळशाच्या भावावर हलते. आणि हा भाव भयंकर हलतो: सरकारी संदर्भ दर सप्टेंबर 2020 मध्ये टनाला 49.42 डॉलर होता, ऑक्टोबर 2022 मध्ये 330.97.

कोळसा नदीच्या धक्क्यावरून बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यात भरला जातो. 300 फुटी बार्ज सात-आठ हजार टन नेते. महाकाममधून खाली, नदीमुखाबाहेर मुआरा बेराऊच्या खोल समुद्रात तरंगत्या क्रेनने मोठ्या जहाजावर. इंडोनेशियाचा कोळसा कमी राखेचा म्हणून मुंबईतलं ट्रॉम्बे आणि रत्नागिरीतलं जयगड ही वीजकेंद्रं तो वापरत आली आहेत.

खड्डा उरतो तो का

पहिल्या खड्ड्याची ओबी बाहेर टाकावी लागते, पुढच्याची आधीच्या खड्ड्यात भरता येते, आणि शेवटच्यासाठी भरायला जवळ काहीच उरत नाही. बाहेरचा ढीग पुन्हा उचलून आणायचा तर खणण्याइतकाच खर्च, आणि समोर कोळसा नाही. म्हणून ‘शेवटचा खड्डा’ आराखड्यातच तलाव म्हणून दाखवला जातो. खड्डे बुजवण्यासाठी परवानाधारकाने ठेव ठेवायची असते, पण छोट्या परवान्यांच्या ठेवी कामाच्या मानाने तुटपुंज्या, किंवा भरलेल्याच नसतात. जटाम या खाणविरोधी संघटनेने पूर्व कालिमंतानात असे 1,735 खड्डे मोजले. 2011 पासून त्यांत 40 हून अधिक जण बुडाले, बहुतेक मुलं. कडा उभ्या, माती निसरडी आणि काठाजवळच एकदम खोली, अशा पाण्यात पोहता येणाराही वर चढू शकत नाही.

एम्बालुतचं खाणकाम 2022 मध्ये संपलं. केर्ता बुआनात खड्ड्यांचं पाणी भाताला दिलं जातं, आणि ते दिसायला सुंदर, निळं-हिरवं असतं. ते वापरावं की नाही, याचं उत्तर फक्त सामू पाहून देता येत नाही. लोह सामू 7 च्या आसपास साका होऊन बसतं. मँगनीज मात्र सामू 9 च्या वर गेल्याशिवाय नीट बसत नाही, म्हणजे सामू ‘चांगला’ असलेल्या पाण्यातही ते विरघळलेलं असू शकतं. वर दिलेलं 4 मिलिग्रॅमचं मानक खाणीतून पाणी सोडण्यासाठीचं आहे. सिंचनासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची शिफारस 0.2 मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट कडक. खोल खड्ड्यात पाण्याचे थरही पडतात: वरचं हवेशीर, तळाचं प्राणवायूविना आणि धातूंनी भरलेलं. म्हणून पंपाचं तोंड वरच्या दोन-तीन मीटरांतच ठेवावं. लांबलेल्या कोरड्या काळात पातळी उतरल्यावर, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ढवळलेल्या पाण्यात, तपासणी केल्याशिवाय खाचरात पाणी घेऊ नये.

ही तपासणी कुणी करायची, हा सध्याचा व्यावहारिक प्रश्न आहे. परवाना चालू असेपर्यंत नमुने घेण्याची जबाबदारी कंपनीची. खाणबंदीचं काम मान्य होऊन ठेव परत गेली, की ती जबाबदारी संपते. पायराइटचं आम्लीकरण मात्र पुढे कित्येक दशकं चालू राहू शकतं, आणि खोलगटात साठलेलं पाणी शेतापर्यंत चढवणाऱ्या पंपाचं डिझेल, प्रयोगशाळेची फी आणि चुन्याची पोती यांसाठी गावाच्या अंदाजपत्रकात कोळशाच्या नावाचा रकाना नाही.