टाकीच्या व्हेंटमधून उडणारे सॉल्व्हंट परत मिळवणारे मेंब्रेन युनिट

रंग, रेझिन किंवा शाईच्या कारखान्यात टाकी भरताना व्हेंटजवळ (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीजवळ) उग्र वास येतो. तो तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या सॉल्व्हंटचाच असतो. २५ अंश सेल्सिअसला इथाइल ॲसिटेटच्या टाकीतल्या हवेत सुमारे १२ टक्के वाफ असू शकते, टोल्युइनच्या टाकीत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. टाकी भरत गेली की ही हवा बाहेर पडते.

आमच्या युनिटमध्ये ती नॅनोकण मिसळलेल्या सिलिकॉन रबराच्या काही मायक्रॉन जाडीच्या पटलावरून, म्हणजे मेंब्रेनवरून, जाते. या थराला गाळणीसारखी छिद्रे नसतात. सॉल्व्हंटची वाफ रबरात विरघळून पलीकडे झिरपते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन फारसे विरघळत नाहीत, ते बहुतांशी अलीकडेच राहतात. पलीकडून व्हॅक्यूम पंप वाफ ओढतो, चिलरमध्ये तिचा पुन्हा द्रव होतो.

मग नॅनोकण कशाला? टोल्युइनने सिलिकॉन रबर फुगते, सैल पडते आणि वाफेबरोबर हवाही जाऊ लागते. पाणी न धरणाऱ्या सिलिकाचे नॅनोकण मिसळले की हे फुगणे आवरते. मात्र कणांच्या गुठळ्या झाल्या तर त्यांच्याभोवती फटी राहतात आणि पटल गळते. ‘जितके नॅनो जास्त तितके चांगले’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे नायट्रोजनच्या गळतीचा चाचणी अहवाल मागा. आमच्याकडेही मागा.

पावसाळ्यात एक सांभाळा. हवेतली पाण्याची वाफही या पटलातून सहज जाते, त्यामुळे परत मिळालेल्या इथाइल ॲसिटेटमध्ये पाणी असते. ते पॉलियुरेथेन ॲढेसिव्हमध्ये थेट घालू नका; त्यातला घट्ट करणारा घटक, आयसोसायनेट, पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो, बुडबुडे येतात. भांडी धुवायला ते खुशाल वापरा.

छपाईच्या ड्रायरची हवा स्फोट टाळण्यासाठी मुद्दाम विरळ ठेवलेली असते. तिथे मेंब्रेन परवडत नाही, ॲक्टिव्हेटेड कार्बनच बरा. आमच्या युनिटनंतरही उरलेल्या थोड्या वाफेसाठी कार्बनचा छोटा ड्रम लागतोच. कोटेशनमध्ये तो वेगळा दाखवतो.

आणखी एक, यात सवलत नाही. इथाइल ॲसिटेटची वाफ हवेत साधारण २ ते ११ टक्के असताना पेट घेऊ शकते, आणि युनिटमधून जाताना ती याच पट्ट्यातून उतरते. फ्लेमप्रूफ मोटर, फ्लेम अरेस्टर (नळीतून ज्वाळा पुढे जाऊ न देणारे साधन) आणि अर्थिंग तपासल्याशिवाय आम्ही युनिट सुरू करून देत नाही.

कोटेशनसाठी सॉल्व्हंटचे नाव, टाकीची क्षमता, भरणाऱ्या पंपाचा ताशी वेग आणि टाकी उन्हात आहे की शेडखाली, एवढे कळवा.