तो भुकेला नव्हता, राखणीला होता

बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर इलिनॉयला आले ते एप्रिलच्या शेवटी. कुडाळकडे नदीकाठी वाढलेला माणूस. मासे गरवायला जाऊया म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गरी केवढी आहे?" त्यांच्या नावाचा परवाना काढला आणि मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो.

पाणी नितळ होतं. काठापासून आठ-दहा फुटांवर, कमरेएवढ्या पाण्यात, तळाला मोठ्या परातीएवढा एक गोल दिसत होता. आजूबाजूला गाळ आणि शेवाळ, पण तेवढी खडी घासून धुतल्यासारखी. तिच्यावर एक हिरवट मासा, अंगावर आडवा काळसर पट्टा, जागच्या जागी पर हलवत थांबला होता. लार्जमाउथ बास. मी रबरी गांडूळ बरोब्बर त्या गोलात सोडलं. मासा आला, गांडूळ तोंडात धरलं, फूटभर बाजूला नेलं आणि थुंकून टाकलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी झटका दिला आणि तो लागला.

बाबा मागून म्हणाले, "अरे, तो खायला येत नाहीये. राखणीला बसलाय. मरळ बसते तसा."

मी गरी सोडवत होतो. मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. तेवढ्यात बाबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. त्या गोलावर हाताच्या पंजाएवढे सात-आठ ब्लूगिल मासे जमले होते आणि डोकं खाली करून टिपत होते. खडीला चिकटलेली मोहरीच्या दाण्याएवढी अंडी ते खात होते.

बाबांनी एका नजरेत ओळखलं ते शब्दशः खरं आहे. बासचं घर नर बांधतो. उत्तरेकडच्या तळ्यांत त्याची सुरुवात थंडी ओसरताना होते. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळ्याच्या वर बर्फ आणि तळाशी ते जड पाणी अशी मांडणी असते. बर्फ वितळून वरचं पाणी ४ अंशांवर आलं की वर-खाली सगळं सारख्याच वजनाचं होतं आणि वारा ते ढवळून काढतो. मग उथळ कोपरे आधी तापू लागतात. सूर्य दक्षिणेकडून येतो आणि गार वारा उत्तरेकडून, त्यामुळे उत्तर काठाच्या आडोशाच्या खाडीत वसंत काही दिवस लवकर येतो. तिथलं पाणी १५-१६ अंशांवर गेलं की नर काठाशी येतो आणि शेपटीने गाळ झाडून दोन-तीन फुटांचा गोल साफ करतो. मादी येते, हजारो अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे.

आणि हे काम साधं नाही. अंड्यांवर गाळ बसू नये, त्यांना प्राणवायू मिळावा म्हणून तो सतत पाण्याचा वारा घालतो. तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात, पाणी गार असेल तर आणखी वेळ लागतो. पिल्लं पोहायला लागली की त्यांच्या थव्याबरोबर तो आणखी काही आठवडे फिरतो. या सगळ्या काळात त्याचं खाणं जवळजवळ बंद असतं, अंगातली चरबी जाळून तो उभा असतो. जवळ येईल त्याच्यावर तो तुटून पडतो, मग ते ब्लूगिल असो, क्रेफिश हा झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी असो की माझं रबरी गांडूळ. वसंतात बास 'चांगला लागतो' त्याचं एक मोठं कारण हे आहे.

इथे मला इलिनॉयमधलाच एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. फॉक्स रिज स्टेट पार्कमध्ये रिज लेक नावाचं छोटं तळं आहे. १९७५ पासून तिथे गळाला लागलेला प्रत्येक बास मोजून, खूण करून परत सोडला जाई. चार वर्षांनी तळं उपसलं तेव्हा १,७०० हून अधिक मासे निघाले. त्यांतले सुमारे २०० एकदाही गळाला लागले नव्हते, उलट काही पुन्हा पुन्हा लागत होते. मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी सहज लागणाऱ्यांची वीण सहज लागणाऱ्यांशी आणि न लागणाऱ्यांची न लागणाऱ्यांशी लावली. असं तीन पिढ्या केलं. दर पिढीला दोन घराण्यांतला फरक वाढत गेला. गळाला लागणं काही अंशी आनुवंशिक आहे, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

खरी चटका लावणारी गोष्ट त्यापुढची. २०१२ साली याच घराण्यांवरच्या अभ्यासात दिसलं की सहज गळाला लागणारे नर जास्त आक्रमक असतात, घरट्याची राखण अधिक नेटाने करतात आणि त्यांची वीणही जास्त यशस्वी होते. म्हणजे आपण आधी उचलतो ते तळ्यातले सर्वांत चांगले बाप. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर मागे राहतात ते बेफिकीर नर.

घरट्यावरचे नर उचलले जाऊ नयेत म्हणून कॅनडातल्या दक्षिण ओंटारियोत बास धरायला जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंदी असते. न्यूयॉर्क राज्यात १५ जूनपर्यंत धरलेला बास सोडून द्यावा लागतो. पण नुसतं सोडणं पुरेसं असतंच असं नाही. झुंजवून दमवलेला, हवेत फार वेळ धरलेला किंवा घरट्यापासून लांब नेऊन सोडलेला नर उशिरा परततो, कधी परततच नाही, आणि ब्लूगिल काही त्याची वाट पाहत नाहीत.

हे सांगत होतो तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग वल्गणीचा विषय निघाला. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळांतून, शेतांतून चढणारे मासे अंडी घालायलाच निघालेले असतात, गाभोळीने भरलेले. "टोपल्या भरभरून आणायचो," ते म्हणाले. "तेव्हा नदीत मासा कमी होईल असं कुणाच्या मनातही यायचं नाही."

आमचा बास मी घरट्याच्या अगदी जवळ पाण्यात सोडला होता. तो आधी खोल पाण्याकडे गेला. बाबा हातातल्या घड्याळाकडे पाहत होते. चार मिनिटांनी तो परत आला आणि ब्लूगिल पांगले. गोलाच्या एका बाजूची खडी मात्र पूर्वीपेक्षा मोकळी दिसत होती.

आम्ही रबरी गांडूळ काढून ठेवलं. बाबांनी तंगुसाला बारीक गरी बांधली, खरं गांडूळ लावलं आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसले. दुपारपर्यंत त्यांनी अकरा ब्लूगिल काढले. घरी येऊन आम्ही ते हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून रव्यात तळले. काटे बरेच होते, पण मांस पांढरंशुभ्र आणि गोडसर. बाबांनी शेवटचा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि विचारलं, "पुढच्या शनिवारी तिथेच जाऊया ना? त्याची पिल्लं निघाली का बघायचंय."