मेलामेद शिकतो तेव्हा

ज्यू परंपरेत विद्येला मोठा मान, पण लहान मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या मास्तरच्या वाट्याला तो फारसा आला नाही. पूर्व युरोपातल्या 'हेडेर'मध्ये, म्हणजे बहुधा मास्तरच्याच घरातल्या एका खोलीत, 'मेलामेद' मुलांकडून हिब्रू घोकून घेई. आपल्याकडचा पंतोजीच म्हणा ना! मिळकत तुटपुंजी आणि प्रशिक्षण कसलंच नाही. १८८०नंतर लाखो ज्यू अमेरिकेत आले, त्यांच्याबरोबर हेडेरही आला. दिवसभर सरकारी शाळेत बसून आलेल्या मुलांचं मन मात्र तिथे रमेना.

फिलाडेल्फियात १८९५ साली ग्रॅट्झ कॉलेज निघालं, ते ज्यू शिक्षक घडवण्यासाठीच. पण खरा धक्का दिला सॅमसन बेंडरलीने. जन्म आजच्या इस्रायलमधल्या सफेद या गावचा, शिक्षण बाल्टिमोरमध्ये डॉक्टरकीचं, आणि ती सोडून हा माणूस शाळांकडे वळला. १९१०मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू शिक्षण विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली. त्याच सुमारास झालेल्या पाहणीत शहरातल्या जवळपास तीन-चतुर्थांश ज्यू मुलांना धर्माचं कसलंच शिक्षण मिळत नसल्याचं दिसलं होतं. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही शिस्त इथून लागली. बेंडरलीने हुशार तरुण हेरले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात धाडले. त्यांच्यापैकी अलेक्झांडर डुशकिनने न्यूयॉर्कमधल्या ज्यू शिक्षणाचा अभ्यास १९१८मध्ये ग्रंथरूपात मांडला.

पुढची कित्येक दशकं शिक्षकांच्या कमतरतेची ओरड होत राहिली. १९७६मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 'केज' या ज्यू शिक्षकांच्या संघटनेचं पहिलं संमेलन भरलं. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. २००९मध्ये पैशाअभावी ही संघटना बंद पडली, याची मला आजही हळहळ वाटते.

दरम्यान १९९०मध्ये अमेरिकन उद्योगपती मॉर्टन मँडेल यांनी ज्यू शिक्षणासाठी बोलावलेल्या आयोगाचा अहवाल आला. शिक्षकी पेशा उभा केल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ, असा त्याचा रोख होता. मग अटलांटा, बाल्टिमोर आणि मिलवॉकी इथल्या जवळपास हजार शिक्षकांची पाहणी झाली. अध्यापनशास्त्र आणि ज्यू विद्या या दोन्हींचं रीतसर शिक्षण घेतलेले निघाले फक्त १९ टक्के. माणसं मनापासून शिकवत होती, पण बहुतेकांना या दोन्ही गोष्टी कुणी शिकवल्याच नव्हत्या. एका दिवसाच्या कार्यशाळेने हे भरून निघणार नव्हतं. म्हणून १९९५पासून शिक्षकांना घडवणाऱ्यांसाठीच दीर्घ प्रशिक्षण सुरू झालं. त्यात प्रत्यक्ष वर्गाचं चित्रीकरण एकत्र बसून पाहायचं आणि मुलाला नेमकं काय उमजलं यावर खल करायचा.

एकत्र बसून शिकण्याची रीत ज्यूंना नवी नव्हतीच. 'हव्रुता' म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून एकच पान मोठ्याने वाचत वाद घालायचा. उदाहरणार्थ, मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या ग्रंथातला हा तंटा घ्या. दोघांनी एकच वस्त्र धरलंय, दोघंही म्हणतात "सगळं माझं". निवाडा असा, की त्यात अर्ध्याहून कमी माझं नाही अशी शपथ प्रत्येकाने घ्यायची आणि वस्त्र वाटून घ्यायचं. एक वाचक विचारतो, दावा सगळ्याचा आणि शपथ अर्ध्याचीच, ती का? दुसरा म्हणतो, दोघांनी सगळ्याची शपथ घेतली तर एक नक्की खोटी ठरेल! पहिला लगेच मान हलवत नाही. तो पुन्हा ओळ वाचायला लावतो.

ब्रँडाइस विद्यापीठात ओरित केंट यांनी नव्या शिक्षकांच्या अशाच जोड्यांचं चित्रीकरण करून शब्दन् शब्द तपासला. चांगल्या हव्रुतेत काय काय घडतं ते त्यांनी सहा क्रियांत मांडलं: ऐकणं, मांडणं, नवल करत विचारणं, एका मुद्द्यावर थांबणं, जोडीदाराला आधार देणं आणि त्याला आव्हान देणं. या अभ्यासामुळे हव्रुता कशी करायची हेच शिक्षकांना शिकवता येऊ लागलं. जोडीदाराचं वाक्य पुरं होण्याआधीच आपण कुठे बोलून गेलो, हे नेमकं बोट ठेवून दाखवता येऊ लागलं.