आठ लिटर आत, सव्वातीन बाहेर

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल पहिल्यांदा घरी बदलणारा माणूस एका जागी हमखास अडखळतो. पुस्तिकेत क्षमता लिहिलेली असते, समजा, ८ लिटर. ड्रेन नट काढून अर्धा तास वाट पाहिली तरी घमेल्यात पडतं जेमतेम सव्वातीन. उरलेल्यातलं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसलेलं असतं आणि बहुतेक कन्व्हर्टरना नटच नसतो. काही जुन्या मर्सिडीजना असायचा. ती चैन पुढे बंद झाली.

हा कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला बंद, वेल्डिंग केलेला डबा. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना त्यातला अर्धा भाग आधीच माहीत आहे. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपात पाणी फेकणारा इंपेलर (पात्यांचं चाक) असतो, तसाच इथे ऑइल फेकणारा. तो इंजिनसोबत फिरतो. समोर टर्बाइन, ती गिअरबॉक्सला जोडलेली. इंपेलरने फेकलेलं ऑइल टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं आणि ती फिरते; दोघांमध्ये लोखंडाचा सांधा नाही. म्हणूनच ‘डी’ (ड्राइव्ह) गिअरमध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली ही रचना काढली ती जहाजांसाठी. मधे तिसरं चाक असतं, स्टेटर. टर्बाइनमधून उलट्या दिशेने परतणारं ऑइल तो वळवून पुन्हा इंपेलरच्या कामी लावतो, आणि त्यामुळे गाडी उचलताना इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होतो. टर्बाइनचा वेग इंपेलरच्या जवळ पोचला की स्टेटर त्याच्या एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर मोकळा फिरू लागतो.

टर्बाइन थांबलेली आणि इंजिन जोर लावतंय, अशा वेळी ती सगळी ताकद ऑइल घुसळण्यात जाते आणि त्याची उष्णता होते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वाहनांची रांग लागली की बरेच जण ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. समजा त्यात १० किलोवॅट खर्च होतायत. ८ लिटर ऑइलचं वजन ७ किलोच्या आसपास; ते एक अंश तापायला सुमारे १४ किलोज्यूल लागतात. म्हणजे मिनिटाला चाळीसेक अंश! धातू आणि ऑइलचा कूलर थोडी उष्णता ओढून घेतात, पण मे महिन्यात बाहेरच ४५ असेल तर कूलर तरी किती ओढणार? शिवाय बऱ्याच गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतायची सवय, म्हणजे क्षार धरला, थंडावा गेला. कूलर आतून फुटला तर पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि लालभडक ऑइल गुलाबी, दुधट दिसतं. असं दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

आता बदलायचं कसं? एका वेळी ४० टक्के निघतं असं धरू. पहिल्या खेपेनंतर जुनं ६० टक्के उरतं, दुसऱ्या खेपेनंतर ३६, तिसऱ्यानंतर २२, चौथ्यानंतर १३. तीन खेपा पुरतात असं माझं मत. पुढे प्रत्येक लिटरमागे फायदा घटत जातो. मात्र दोन खेपांच्या मधे पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवलीच पाहिजे, सगळे गिअर पडले पाहिजेत. नाहीतर नुकतंच ओतलेलं नवंच ऑइल पुन्हा घमेल्यात. मशीनने दाब देऊन फ्लश करणं जुन्या गिअरबॉक्सला नको. सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) बारीक वाटांत अडकू शकते.

‘चालतंय ना भो, मग कशाला हात लावतो? ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो,’ हे गॅरेजमध्ये ऐकायला मिळतंच. बहुतेकदा गिअर घसरायला लागल्यावरच लोकांना ऑइल आठवतं. गिअरबॉक्सच्या आतले क्लच तेव्हा आधीच झिजलेले असतात, आणि नाव जातं नव्या ऑइलवर.

ज्या गाडीच्या गिअरबॉक्सखाली चेंबर (ऑइलचं पॅन) आहे, तिथे ते खोलून फिल्टर आणि गॅस्केटही बदला. आतल्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा दिसेल. ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण लागले तर मामला गंभीर. चेंबरचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळा. बॉडी ॲल्युमिनियमची असते, आटे सहज जातात. आणि गाडी जॅक स्टँडवरच चढवा, विटांवर नाही.

ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितलेलंच. त्यातल्या रसायनांवर क्लच किती पकडतो ते ठरतं. एकेकाळी अमेरिकेत यासाठी स्पर्म व्हेलचं तेल मिसळायचे. १९७३ च्या तिथल्या वन्यजीव कायद्याच्या सुमारास ते थांबलं आणि कंपन्यांना पर्याय शोधावे लागले.

जितकं निघालं तितकंच मापून ओता. पातळी सपाट जागी, ऑइल गरम असताना पाहायची. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, पण जुन्या होंडांत बंद केल्यावर लगेच. जास्त भरलं तर फिरते भाग ऑइलचा फेस करतात. फेसातली हवा दाबली जाते, क्लचला पुरता दाब मिळत नाही आणि ते घसरतात.

कन्व्हर्टर घरी उघडता येत नाही, पण तपासता येतो. जळगाव-धुळे रस्त्यावर साठ-सत्तरच्या स्थिर वेगात थरथर जाणवली, तर मागे वाहन नाही हे पाहून ब्रेकला नुसता पाय टेकवा. बऱ्याच गाड्यांत त्याने लॉक-अप क्लच (स्थिर वेगात इंजिन आणि टर्बाइनला थेट जखडणारा) सुटतो आणि इंजिनचे फेरे दोन-तीनशेने चढतात. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर, आणि तिथे कधीकधी नवं ऑइलच काम करून जातं. ब्रेकला पाय टेकवूनही ती राहिली, तर स्पार्क प्लग आणि इंजिन माउंटिंग बघा.