रिव्हर्सिंग स्टेशन, भोर घाट

मुंबई–पुणे लोहमार्गावर खंडाळ्याच्या अलीकडे, भोर घाटातील (बोरघाट) एका डोंगरसोंडेवर असलेले आणि आता वापरात नसलेले स्थानक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलेल्या घाटमार्गाचे उद्घाटन २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी केले. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली मात्र ऑगस्ट १८६२ मध्येच निवर्तले होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. कॉलऱ्याने आणि अपघातांत हजारो मजूर दगावले. घाटमार्गाच्या कोणत्याही वर्णनात हे आधी सांगितले पाहिजे.

सुमारे २५ किमी अंतरात मार्ग ५५८ मी. चढतो, सर्वांत तीव्र चढ दर ३७ मीटरला १ मीटर. बोगद्यांची संख्या २५ किंवा २६ दिली जाते. मूळ मार्गापुरती २५ ही संख्या अधिक ग्राह्य वाटते.

चढ इंजिनाला झेपेना म्हणून येथे गाडी उलटी नेत, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. चढासाठी जादा इंजिने लागत, आजही कर्जतला गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने, जोडतात. त्यासाठी दिशा बदलावी लागत नाही. खरी अडचण वळणाची होती. अरुंद सोंडेवर सुरक्षित त्रिज्येचे वळण बसत नव्हते. म्हणून रूळ सोंडेच्या टोकाशी थांबवून तेथूनच उलट दिशेने, वरच्या पातळीवर नेले. त्यामुळे आडव्या ‘व्ही’सारखी आखणी झाली. स्थानकाची जागा जवळजवळ सपाट ठेवली होती. गाडी थांबली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडत. कर्जतहून शेवटी असलेला डबा खंडाळ्याकडे निघताना पहिला होई.

ही युक्ती वेळखाऊ होती आणि गाडीच्या लांबीवरही मर्यादा घालत होती. नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केल्यावर स्थानक बंद झाले. बंद होण्याचे वर्ष १९२८ किंवा १९२९ सांगितले जाते; पुण्यापर्यंतचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाले, हे लक्षात घेता दुसरे वर्ष अधिक संभवनीय. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन नव्या मार्गानेच धावली.

स्थानकाजवळची ओळखीची खूण असलेला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.